जुनी काचेची मद्यपात्रे

जुनी काचेची मद्यपात्रे म्हणजे मद्य, मद्यमिश्रणे (कॉकटेल) व सोडायुक्त पेये देण्यासाठी पूर्वीच्या काळी घडवलेले काचेचे पेले, चषक, सुरया, मिश्रणपात्रे आणि बाटल्या होत. संग्राहकांच्या व्यवहारात साधारणतः वीस ते शंभर वर्षे जुन्या वस्तूंना ‘विंटेज’ व त्याहून जुन्या वस्तूंना ‘अँटिक’ म्हटले जाते. नाणी किंवा टपाल तिकिटांप्रमाणे या वस्तू केवळ मांडून ठेवल्या जात नाहीत. अनेक संग्राहक घरी पेय तयार करून त्या वापरतात. त्यामुळे या छंदात कलावस्तूची पारख, पेयाचे प्रमाण, आरोग्य आणि कायदा या चारही गोष्टींचा संबंध येतो. महाराष्ट्रात स्वदेशी काच उद्योग, साखर कारखान्यांना जोडून वाढलेली मद्यनिर्मिती आणि दारूबंदीचा कायदा यांमुळे या विषयाला स्वतंत्र स्थानिक संदर्भ आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात त्यांपैकी मद्यनिर्मिती व दारूबंदी या दोहोंचा इतिहास ठळकपणे दिसतो.

## संज्ञा

‘चषक’ हा संस्कृत शब्द मूळ मद्यपात्रवाचक आहे. आधुनिक मराठीत तो प्रामुख्याने क्रीडास्पर्धेतील विजयचिन्हासाठी वापरला जातो. बोलीभाषेत काचेच्या पेल्याला ‘ग्लास’ व मद्याच्या मापाला ‘पेग’ म्हणतात. भारतात लहान पेग ३० मिलिलिटर व मोठा पेग ६० मिलिलिटर मानला जातो. महाराष्ट्रातील घरांत पिण्यासाठी परंपरेने तांब्या, फुलपात्र, पेला अशी धातूची भांडी वापरली जात. काच प्रथम श्रीमंतांच्या वाड्यांत हंड्या व झुंबरांच्या रूपाने आली. पिण्याचे भांडे म्हणून तिचा प्रसार त्यानंतर बराच उशिरा झाला.

## इतिहास

### पंच आणि कॉकटेल

मिश्र मद्यपेयांचा एक जुना प्रकार असलेले ‘पंच’ हे पेय भारताशी संबंधित आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत १६३२ मध्ये या पेयाचा उल्लेख आढळतो. मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला या पाच घटकांवरून, म्हणजे ‘पंच’ किंवा ‘पाच’ या शब्दावरून, हे नाव पडले अशी व्युत्पत्ती प्रचलित आहे. मात्र ती सर्वमान्य नाही. पंच मोठ्या वाडग्यात तयार करून लहान पेल्यांत वाटले जाई. वाडगा, पळी व एकसारखे पेले असा संच म्हणूनच संग्राहकांना परिचित आहे.

‘कॉकटेल’ या शब्दाची पेय म्हणून पहिली छापील व्याख्या १८०६ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्रात आली. तीत मद्य, साखर, पाणी व कडू अर्क (बिटर्स) हे चार घटक सांगितले होते. जेरी थॉमस या अमेरिकी मद्यपरिचारकाने १८६२ मध्ये मिश्र पेयांचे पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. त्या काळात मद्यपान सार्वजनिक ठिकाणाहून मोठ्या प्रमाणात घरात आले. बंदी उठल्यानंतर काच कारखान्यांनी पेले व मिश्रणपात्रांचे घरगुती संच बाजारात आणले. आज संग्राहकांकडे असलेल्या पाश्चात्त्य मद्यपात्रांचा बराच भाग १९३० ते १९७० या दशकांतला आहे.

### काचेची घडण

इंग्लंडमधील जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ मध्ये शिसेयुक्त काचेचे एकस्व मिळवले. शिशामुळे काच जड, चमकदार आणि कोरण्यास सुलभ होते. या काचेला व्यवहारात ‘क्रिस्टल’ म्हणतात, परंतु ती स्फटिक नसून काचच असते. १८२० च्या दशकात अमेरिकेत साच्यात दाबून भांडी बनवण्याचे तंत्र विकसित झाले. त्यामुळे पैलूदार काचेसारखी दिसणारी भांडी स्वस्त झाली व मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. फ्रान्समधील बाकारा आणि बर्मिंगहॅम येथील ऑस्लर या कारखान्यांचे भारतीय संस्थानिक मोठे ग्राहक होते. ऑस्लरचे विक्रीदालन कोलकात्यातही होते.

### पेल्यांचा आकार

जुने पेले आजच्या पेल्यांपेक्षा लक्षणीय लहान असतात. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार इंग्लंडमधील वाइनच्या पेल्याची सरासरी क्षमता अठराव्या शतकाच्या आरंभी सुमारे ६६ मिलिलिटर होती. २०१६–१७ पर्यंत ती सुमारे ४४९ मिलिलिटर झाली. कॉकटेलच्या जुन्या पेल्यांची क्षमताही साधारणतः ९० ते १५० मिलिलिटर असते. बर्फाविना दिलेले थंड व तीव्र पेय गरम होण्यापूर्वी संपावे, हा या लहान आकारामागील व्यावहारिक हेतू होता.

## महाराष्ट्रातील काच उद्योग

आधुनिक महाराष्ट्रातील काच उद्योगाची पायाभरणी स्वदेशी चळवळीतून झाली. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करण्याच्या कल्पनेतून ‘पैसा फंड’ उभारला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले. या निधीतून १९०८ मध्ये पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे आरंभीचे तज्ज्ञ होते. कारखान्याला जोडून प्रशिक्षणाची सोय होती. तेथे शिकलेल्या कारागिरांनी पुढे देशात इतरत्र काच उद्योग उभे केले. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळ ओगलेवाडी येथे ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काढलेला कारखाना ‘प्रभाकर’ कंदिलामुळे घराघरांत माहीत झाला.

या कारखान्यांच्या काळात देशी मागणी मुख्यतः कंदिलाच्या काचा, बाटल्या, बरण्या व साधे पेले यांची होती. देठाचे नाजूक चषक बहुधा आयात होत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. त्यानंतरच्या काळात बडोद्याच्या अलेम्बिक समूहाचे ‘येरा’ पेले, फिरोजाबाद येथील भांडी आणि बोरोसिल यांचा वापर वाढला. त्यामुळे महाराष्ट्रातील जुन्या घरांत सापडणाऱ्या काचसामानात बहुधा तीन थर दिसतात: ब्रिटिशकालीन आयात काच, स्वदेशी कारखान्यांची जाड व किंचित हिरवट काच, आणि १९६० नंतरचे साचेबद्ध भारतीय पेले.

### गोटी सोड्याची बाटली

महाराष्ट्रात सहज ओळखली जाणारी जुनी काचवस्तू म्हणजे गोटी सोड्याची बाटली. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये तिच्या परिपूर्ण रूपाचे एकस्व मिळवले. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी व तोंडाशी रबरी कडी असते. बाटली उलटी धरून भरली जाते. आतील वायूच्या दाबाने गोटी कडीवर घट्ट बसते आणि वेगळ्या बुचाची गरज राहत नाही. गोट्या काढण्यासाठी मुले बाटल्या फोडत असल्याने जुन्या अखंड बाटल्या तुलनेने कमी उरल्या. भारतात, तसेच जपानमध्ये ‘रामुने’ या पेयासाठी, ही बाटली आजही वापरात आहे.

## अहिल्यानगर जिल्हा

### छावणी

आर्थर वेलस्लीने ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला जिंकला. पुढे येथे लष्करी छावणी वसली. भारतातील ब्रिटिश छावण्यांमधील अधिकारी भोजनगृहांतून सोडा, जिन, ब्रँडी व क्विनाइनयुक्त ‘टॉनिक’ पाणी यांचा वापर रूढ झाला. हिवतापावरील क्विनाइनचा कडवटपणा सुसह्य करण्यासाठी ते साखर, लिंबू व मद्यात मिसळले जाई. रेजिमेंटची मुद्रा कोरलेले पेले, सोड्याचे सायफन व सुरया या वस्तू छावणीच्या गावांशी निगडित मानल्या जातात.

### ऊस, मळी आणि मद्यार्क

प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि कालव्यांखालील भागात ऊसशेती विस्तारली. महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनी १९३३ मध्ये श्रीरामपूर तालुक्यात महाराष्ट्र शुगर मिल्स ही कंपनी स्थापन केली. कारखान्याभोवती वसलेल्या गावाला लोकमान्य टिळकांवरून टिळकनगर हे नाव मिळाले. ही कंपनी पुढे टिळकनगर इंडस्ट्रीज या नावाने मद्यनिर्मितीत उतरली. तिची ‘मॅन्शन हाउस’ ही ब्रँडी विशेषतः दक्षिण भारतात खपते. लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी १९४८ मध्ये झाली. त्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अग्रभागी होते. त्यानंतर जिल्ह्यात सहकारी कारखान्यांची मालिका उभी राहिली.

साखर तयार झाल्यावर उरणारी मळी आंबवून व ऊर्ध्वपातन करून मद्यार्क मिळतो. भारतात रमबरोबरच ब्रँडी व व्हिस्की या नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक मद्यांतही हा मद्यार्क वापरला जातो. युरोपीय नियमांनुसार मात्र ब्रँडी द्राक्षापासून व व्हिस्की धान्यापासूनच करावी लागते. त्यामुळे जुन्या पाश्चात्त्य पाककृतीत भारतीय ब्रँडी वापरल्यास चव वेगळी येते.

### दारूबंदीची परंपरा

पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, १९०८ मध्ये, टिळकांनी पुण्यातील दारूच्या दुकानांवरील निरोधनाच्या चळवळीला पाठिंबा दिला होता. पुढे ज्या गावाला त्यांचे नाव दिले गेले ते मद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध झाले, हा विरोधाभास जिल्ह्याच्या इतिहासातही दिसतो. ऊस व मद्यार्काच्या याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आहे. अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे ग्रामसुधारणा सुरू झाली. दारूच्या भट्ट्या बंद करणे हे तिचे पहिले पाऊल होते. राज्याच्या नियमांनुसार गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दारू दुकानाबाबत मतदान घेता येते. मतपत्रिकेवरील चिन्हांमुळे ते ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ओळखले जाते.

नगर तालुक्यातील पांगरमल येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणूक काळातील मेजवानीत बनावट दारू प्यायल्याने अनेकांचा मृत्यू झाला. बनावट दारूत मिथेनॉल असू शकते. त्याने दृष्टी जाते व मृत्यूही ओढवतो. रंग, वास किंवा चव यांवरून ते ओळखता येत नाही. त्यामुळे जुन्या बाटलीत किंवा सुरईत असलेले, मूळ माहीत नसलेले मद्य पिण्यास योग्य समजले जात नाही.

## प्रमुख प्रकार

* कूप: उथळ व पसरट तोंडाचा, देठ असलेला चषक. मूळ वापर शॅम्पेनसाठी. नंतर बर्फाविना दिल्या जाणाऱ्या कॉकटेलसाठी. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्याशी त्याचा आकार जोडणारी कथा ही दंतकथा असून हा आकार तिच्यापूर्वीचा आहे.
* निक अँड नोरा: कूपपेक्षा खोल, घंटेच्या आकाराचा लहान चषक. ‘द थिन मॅन’ (१९३४) या चित्रपटातील दांपत्यावरून पडलेले हे नाव १९८० च्या दशकात रूढ झाले.
* मार्टिनी चषक: सरळ बाजूंचा शंकूसारखा चषक. जुने नमुने आजच्या नमुन्यांच्या निम्म्याहूनही लहान असतात.
* रॉक्स किंवा ओल्ड फॅशन्ड: जाड बुडाचा, बुटका पेला. बर्फासह दिलेल्या पेयासाठी.
* हायबॉल व कॉलिन्स: उंच, सरळ पेले. सोडा किंवा टॉनिक घातलेल्या पेयांसाठी.
* स्निफ्टर: मोठे पोट व अरुंद तोंड असलेला ब्रँडीचा चषक.
* सुरई (डिकँटर): काचेच्या बुचाचे, मद्य ओतून ठेवण्याचे भांडे.
* सायफन: दाबाखालील सोडा सोडण्याची तोटी असलेली जाड बाटली, काही नमुन्यांना फुटल्यास तुकडे उडू नयेत म्हणून धातूच्या जाळीचे आवरण असते.

## ओळख आणि पारख

फुंकून घडवलेल्या पेल्याच्या बुडाखाली सळई तोडल्याची खडबडीत किंवा घासून गुळगुळीत केलेली खूण आढळते. साच्यात दाबलेल्या भांड्यावर साच्याच्या जोडाची बारीक उभी रेघ असते आणि नक्षीच्या कडा बोथट लागतात. हाताने कोरलेल्या काचेच्या कडा बोटाला धारदार जाणवतात. नियमित वापरलेल्या जुन्या पेल्याच्या बुडावर वेगवेगळ्या दिशांचे बारीक ओरखडे असतात. एकाच दिशेचे सारखे ओरखडे मुद्दाम घासल्याचे लक्षण मानले जाते. कडेचा टवका घासून काढलेला असल्यास तो पेला संचातील इतर पेल्यांपेक्षा किंचित बुटका भरतो.

युरेनियमयुक्त पिवळट हिरवी काच अतिनील प्रकाशात तेजस्वी हिरवी चमकते. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, वाड्यांच्या आवराआवरीत निघालेले सामान आणि भंगाराची दुकाने हे महाराष्ट्रातील संग्राहकांचे नेहमीचे स्रोत आहेत. संपूर्ण संचाला सुट्या पेल्यांपेक्षा अधिक किंमत येते. तथापि वापरासाठी सुटे पेले जमवण्याची पद्धतही रूढ आहे.

## शिसे आणि आरोग्य

युरोपीय मानकांनुसार किमान २४ टक्के शिशाचे ऑक्साइड असलेल्या काचेला ‘लेड क्रिस्टल’ म्हणतात. काही जुन्या भांड्यांत ते ३० टक्क्यांहून अधिक असते. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, त्याचप्रमाणे शिसेयुक्त काचेतील शिसे आम्लयुक्त पेयात उतरते. फरक एवढाच, की कळकलेल्या पदार्थाची चव व रंग बदलतो, तर शिशाचा पत्ता लागत नाही.

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोर्ट वाइन क्रिस्टलच्या सुरयांत चार महिने ठेवण्यात आली. आरंभी तिच्यात शिशाचे प्रमाण लिटरला ८९ मायक्रोग्रॅम होते. शेवटी ते २,००० ते ५,००० मायक्रोग्रॅमच्या घरात गेले. जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यासाठीचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित ठरलेली नाही. गर्भवती स्त्रिया व बालके यांना त्याचा धोका अधिक असतो.

शिसे उतरण्याचे प्रमाण मुख्यतः पेय भांड्यात किती काळ राहते यावर अवलंबून असते. म्हणून क्रिस्टलच्या सुरईत मद्य साठवून ठेवणे हा सर्वांत मोठा धोका होय. पेल्यातून अल्पकाळ पिताना शिसे तुलनेने कमी उतरते, पण शून्य नसते. जड वजन, टिचकी मारल्यावर दीर्घकाळ घुमणारा नाद व प्रकाशाचे इंद्रधनुषी विकिरण ही शिसेयुक्त काचेची लक्षणे आहेत. खात्रीसाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती चाचणी वापरतात. बाहेरून रंगवलेल्या पेल्यांच्या रंगांतही शिसे व कॅडमियम असू शकते. ओठ लागणाऱ्या कडेपासून २० मिलिमीटरच्या आत रंगकाम असल्यास असे पेले मांडणीपुरते ठेवणे इष्ट मानले जाते.

## घरगुती वापर

जुन्या पेल्याचा आकार पेयाचे माप ठरवतो. उदाहरणार्थ, ४५ मिलिलिटर रम, २० मिलिलिटर कागदी लिंबाचा रस व २० मिलिलिटर साखरेचा पाक बर्फासह हलवून गाळल्यास वितळलेल्या पाण्यासह सुमारे ११० मिलिलिटर ‘डाइकिरी’ तयार होते. हे पेय १२० मिलिलिटरच्या जुन्या कूपमध्ये नेमके मावते. २५० मिलिलिटरच्या आधुनिक चषकात मात्र तो अर्धा रिकामा दिसतो आणि दुप्पट ओतण्याकडे कल होतो. भारतीय मद्याच्या वेष्टनावर आढळणारी ४२.८ टक्के ही तीव्रता धरल्यास ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम, तर वरील डाइकिरीत सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते.

पाककृतींतील अनेक घटक अहिल्यानगर जिल्ह्यात पिकतात. श्रीगोंदा भागातील कागदी लिंबू, संगमनेर व राहाता भागातील डाळिंब, तसेच ऊस व गूळ ही त्याची उदाहरणे होत. कॉकटेलमध्ये वापरला जाणारा ‘ग्रेनेडिन’ हा लाल पाक मूळ डाळिंबाच्या रसाचाच असतो. हेच पेले कोकम सरबत, लिंबू सोडा किंवा उसाचा रस अशा मद्यविरहित पेयांसाठीही वापरले जातात.

## कायदेशीर बाजू

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू झाला. फ्रामजी बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये त्यातील काही तरतुदी रद्द केल्या, परंतु कायदा मुख्यतः कायम ठेवला. पुढे निर्बंध शिथिल झाले, तरी परवान्याचे तत्त्व टिकून राहिले. बारच्या पाट्यांवर आजही दिसणारा ‘परमिट रूम’ हा शब्द त्याचाच अवशेष आहे. आता ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ असे नाव असलेल्या या कायद्यानुसार मद्य खरेदी करणे, बाळगणे व पिणे यांसाठी परवाना लागतो. स्वतःच्या घरी प्यायचे असले तरी ही अट लागू होते. तीव्र मद्यासाठी किमान वय २५ वर्षे, तर बियर व वाइनसाठी २१ वर्षे आहे. घरी ठेवता येणाऱ्या साठ्यावर मर्यादा आहे आणि विनापरवाना मद्याची विक्री हा गुन्हा आहे. रिकाम्या पेल्यांच्या किंवा बाटल्यांच्या संग्रहासाठी मात्र मद्य परवाना लागत नाही.

## जतन

जुनी काच तापमानातील आकस्मिक बदल सहन करू शकत नाही. ती कोमट पाण्यात, सौम्य साबणाने व एकेक करून धुतात. भांडी धुण्याच्या यंत्रात ती कायमची धुरकट होते. विहीर किंवा कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने आलेले पांढरे डाग पातळ व्हिनेगरने निघतात. काच स्वतःच गंजल्याने आलेला धुरकटपणा मात्र निघत नाही. सोनेरी कड घासल्यास उडते. पेले एकात एक न ठेवता सुटे व सरळ ठेवले जातात, कारण पालथे ठेवल्यास भार सर्वांत नाजूक भागावर, म्हणजे कडेवर येतो. सुरई बूच काढून पूर्ण कोरडी केल्यावरच बंद करतात.

## हे सुद्धा पहा

* पैसा फंड
* ओगलेवाडी
* टिळकनगर
* राळेगणसिद्धी
* महाराष्ट्रातील दारूबंदी
* राजा दिनकर केळकर संग्रहालय